शेळ्यांवरचा भावी डॉक्टर

शफीनं बोर्ड मोटारसायकलवर आडवा बांधून आणला तेव्हा मी अंगणात डाळ पाखडत होते. करमाडच्या फाट्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, निवडणूक, दहावा, सगळ्याचे बोर्ड तोच छापतो. त्यानं गाडी लावली, दोरी सोडली आणि गुंडाळी अंगणभर पसरली.

"बघा काकी, कशी दिसू राहिली आपली मोनिका! एकदम कडक काम केलंय."

मी सूप बाजूला ठेवलं आणि वाचायला लागले. मला वेळ लागतो. मोनिका पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पुस्तकातून तिच्यासंगं मीही अक्षरं शिकले, त्याआधी नुसता अंगठा होता. अजूनही ओठ हलवत वाचते. पण एकदा वाचलेलं विसरत नाही.

वर लिहिलं होतं, 'हार्दिक अभिनंदन'. मधे मोनिकाचा फोटो. अंगात पांढरा कोट, गळ्यात डॉक्टरची नळी, कोटाच्या खिशाला निळा पेन. माझ्या नातीनं जन्मात असला कोट घातलेला नाही. शफीनं तिचं मुंडकं दुसऱ्याच कुणाच्या तरी धडावर बसवलं होतं. खाली 'भावी डॉक्टर कु. मोनिका अंबादास दांडगे'. आणि सगळ्यात खाली, आमच्या घराण्यापेक्षा मोठ्या अक्षरांत, संभाजीनगरच्या ऋतुराज सरांच्या क्लासचं नाव.

"हे कुणी सांगितलं छापायला?"

"अंबादासभाऊनं. उद्या सत्काराला सर येऊ राहिले ना गावात, त्याच्या आत फाट्यावर लागला पाहिजे म्हणले."

"मोनिकाला विचारलं?"

शफी हसला. "काकी, बोर्डावर जिसका फोटो रहता उसकू कौन पूछता?"

"तुझी पोरगी कहकशा हिच्याच वर्गात होती ना? ती पण पास झाली. तिचा बोर्ड कुठंय?"

"उसका कायकू? अभी तो दहावी हुई. क्या बनेगी उसकू बी नै मालूम, मेरेकू बी नै." एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. "म्हणजे आमचं वेगळं, काकी. गिऱ्हाईक मागतं ते छापतो मी."

त्यानं किक मारली आणि निघून गेला. मोनिका दारात उभी होती. तिनं बोर्डाकडं पाहिलं, कोटाकडं पाहिलं.

"ही मी नाय," म्हणाली आणि आत गेली.

मी उठले, अंगणाला वळसा घालून मागं शेळ्यांकडं गेले. शेळ्यांच्या छपरावर उन्हाला आडोसा म्हणून एक जुना बोर्ड टाकलेला आहे. सहा वर्षं झाली त्याला. रंग उडालाय, कोपरे फाटलेत, पण वाचता येतो. 'भावी डॉक्टर चि. अभय अंबादास दांडगे'. माझा मोठा नातू, मोनिकाचा भाऊ. फोटो छपराच्या उतारावर उलटा आलाय, म्हणजे डोकं खाली. मी मान वाकडी करून पाहिलं. पांढरा कोट. गळ्यात नळी. खिशाला निळा पेन.

धड तेच होतं. सहा वर्षांत शफीनं धडसुद्धा बदललं नव्हतं, नुसतं मुंडकं नवं.

माझ्या टाळूपर्यंत आग गेली.

अभयची गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग कळेल. अभय गणितात लई हुशार. दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव मार्क पडले त्याला. त्या वर्षीही हेच ऋतुराज सर सत्काराला आले होते. माईकवर म्हणाले, डॉक्टर व्हायचं तर बारावीला गणित लागत नाही, गणित सोडा म्हणजे बाकीच्या विषयांना वेळ मिळतो. त्यांच्या क्लासची एक रीतच आहे. पोरांचं नाव कुठल्या तरी आडगावच्या ज्युनिअर कॉलेजात घालायचं, जिथं पोरगं परीक्षेपुरतं जातं, आणि बाकीचे सगळे दिवस शहरात त्यांच्या क्लासला बसायचं. त्या कॉलेजात गणिताला मास्तरच नाही. मग गणित कुणी ठेवतो म्हटलं तरी ठेवणार कुठं? एवढी साधी गोष्ट. पण सांगताना ती अशी सांगतात, जणू पोराच्या भल्यासाठीच सोडायला लावतात.

अंबादासनं, माझ्या मुलानं, ऐकलं. तो शेंद्र्याला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे, थोडी शेती आहे. त्याला वाटलं, सर शिकलेले आहेत, त्यांना कळतं. अभयनं गणित सोडलं. बारावी झाली. डॉक्टरकीच्या परीक्षेत नंबर लागला नाही. सर म्हणाले, एक वर्ष रिपीट करा. केलं. पुन्हा म्हणाले, थोडक्यात हुकलं, अजून एक वर्ष. तेही केलं. मग सरांनी फोन उचलणं बंद केलं.

मी अभयसंगं शहरात कॉलेजं फिरले आहे. त्याला एकट्याला पाठवायची मला भीती वाटत होती. एका खिडकीवर इंजिनिअरिंगचं विचारलं. आतल्या बाईनं मार्कशीट पाहिली आणि म्हणाली, "गणित कुठंय? गणित नाही तर नाही होणार." दुसरीकडं कॉम्प्युटरचं विचारलं. तिथंही गणित. शेतकी कॉलेजात म्हणाले, इथं चालतं, पण त्याची परीक्षा वेगळी असते, तिचा अर्ज हिवाळ्यातच भरायचा असतो, भरला होता का? अभय नुसता उभा राहिला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. क्लासमध्ये दुसऱ्या परीक्षेचं नाव काढलं की सर रागवायचे. दुसरा विचार करणारा हरतो म्हणायचे.

परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "आज्जी, माझं गणितच तेवढं चांगलं होतं गं."

आता तो शेंद्र्यालाच एका कंपनीत कंत्राटावर खोकी भरतो. घरी येतो, जेवतो, बोलत नाही. गावातली माणसं अजूनही हाक मारतात, "काय डॉक्टर, ड्यूटी संपली का?" तेव्हा तो मान खाली घालून सायकल पुढं काढतो.

मी घरात गेले. मोनिका चुलीपाशी आईला भाकरी करू लागत होती. तिची आई अलका माझ्याकडं न बघता थापत राहिली. तिला ठाऊक होतं मी कशासाठी आले ते.

"मोने, तुला काय व्हायचंय?"

"आज्जी, तू पण?"

"मी पण म्हंजी?"

"जो येतो तो हेच विचारतो. काय व्हायचंय, काय व्हायचंय." तिनं परात आपटली. "मला अजून माहीतच नाय. डॉक्टर व्हायचंय का नाय ते पण माहीत नाय. व्हायचं असंल बी. पण आज गणित सोडलं तर उद्या मला कळून काय उपेग? दादाला कळलं तव्हा काय झालं?"

"मग कसं करायचं म्हणतीस?"

"शहरात एका कॉलेजला दोन्ही ठेवता येतं. गणित बी, जीवशास्त्र बी. कहकशा तिथंच चालली. सकाळच्या बसनं जायचं, दुपारी यायचं. रोज शाळा, रोज मास्तर. दोन वर्षांनी ठरवीन ना काय ते."

"बापाला सांगितलं?"

"चारदा. ते म्हणतात, सरांनी जागा धरून ठेवलीय. उद्या सत्कारातच टीसी आणि मार्कशीट द्यायचीय त्यांच्याकडं."

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो एकच असतो. तो ज्याच्या पिशवीत गेला, पोरगं त्याचं झालं. अभयची टीसी काढून घ्यायला गेलो होतो तेव्हा तीन चकरा मारल्या होत्या आम्ही, तेव्हा कुठं मिळाली.

अलका पहिल्यांदा बोलली. "मामी, तुम्ही सांगा त्यांना. माझं ऐकत न्हाईत."

संध्याकाळी अंबादास बस लावून घरी आला. बोर्ड बघून खूश झाला. भिंतीशी टेकवून दोन पावलं मागं सरून बघत होता.

मी म्हटलं, "हा लावायचा नाय."

"कामून?"

"पोरीला गणित ठेवायचंय. ती कहकशासंगं शहरातल्या कॉलेजात जाती म्हणती."

"माय, तुला यातलं काय कळतं?"

"जास्त नाय कळत. मागचा बोर्ड शेळ्यांवर हाय, एवढं कळतं."

त्याचा चेहरा लाल झाला. "त्याचं नाव काढू नको. त्यानं मन लावलं नाय. ही लावीन."

"त्यानं मन लावलं नाय? रात्र रात्र जागलं पोरगं. त्याला गणित सोडायला कुणी लावलं?"

"सरांनी सांगितलं ते केलं आपण. सर काय आपले दुश्मन हायत का? किती डॉक्टर काढले त्यांनी!"

"आपला काढला का?"

"माय!" तो ओरडला. मग आवाज खाली आणला, आणि तो खालचा आवाज मला जास्त लागला. "तुला माहीत हाय का बसमधी काय बोलत्यात मला? सहा वर्षं झाली. रोज एक जण तरी विचारतो, दांडगे, झालं का पोरगं डॉक्टर? आणि दात काढतो. रोज. एकदा ह्या घरात डॉक्टर झाला की त्यांची तोंडं बंद होत्यात."

"त्यांची तोंडं बंद करायला पोरगी जाळायची?"

तो वळला. बोर्ड घेऊन तसाच फाट्याकडं निघाला. मोनिका दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. दात आवळून उभी राहिली, अगदी माझ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात सत्कार होता. दहावी झालेली पोरं पुढं सतरंजीवर, आईबाप मागं. टेबलावर शाली, नारळ, आणि प्लास्टिकच्या ट्रॉफ्या. बाहेर सरांची पांढरी गाडी. ऋतुराज सर आले. पन्नाशीच्या आतले, गोरे, अत्तर लावलेले. हातात माईक घेतला की माणसाचं तोंड बदलतं, तसं त्यांचं बदललं.

"बाळांनो, ध्येय एकच ठेवा! ज्यानं दुसरी वाट ठेवली, त्यानं पळून जायची तयारी केली!"

टाळ्या पडल्या. अंबादाससुद्धा वाजवत होता. माझ्या डोक्यात आलं, माझ्या शेळ्यांच्या छपराला मी दोन दारं ठेवली आहेत. एका दारात कुत्रं शिरलं तर दुसऱ्यातून शेळ्यांना निघता यावं म्हणून. शेळ्यांसाठी आम्हाला जेवढं सुचतं, तेवढं पोरांसाठी सुचत नाही.

मग एकेक पोराला पुढं बोलवायला लागले. शाल, नारळ, ट्रॉफी, आणि तोंडासमोर माईक. "सांग बाळ, काय होणार?" पोरं घाबरून म्हणायची, "डॉक्टर". कुणी "कलेक्टर". टाळ्या. आणि लगेच शेजारच्या टेबलावर बसलेला सरांचा माणूस बापाकडून टीसी घ्यायचा आणि काळ्या पिशवीत ठेवायचा. एकीकडं टाळ्या, एकीकडं पिशवी. बापांना वाटत होतं आपला मान होतोय.

"कुमारी मोनिका अंबादास दांडगे!"

मोनिका उठली. शाल घेतली. सरांनी माईक पुढं केला. "बोल बेटा, काय होणार?"

"मला अजून ठरवायचंय, सर."

मंडपात कुजबुज झाली. सर हसले. "अगं फाट्यावर तर बोर्ड लागलाय तुझा! मी येताना पाहिला की." सगळे हसले. "लाजू नको. डॉक्टर होणार, बरोबर ना दांडगे साहेब?"

अंबादास उठला, खिशातून टीसी आणि मार्कशीट काढली. आणि मी उभी राहिले. मला उठायला खांबाचा आधार लागतो, त्यामुळं सगळ्यांचं लक्ष गेलं.

"सर, एक विचारू का?"

"विचारा ना आजी! आजींसाठी टाळ्या!"

"टाळ्या नको. जी पोरं डॉक्टर होत्यात, त्यांचे फोटो तुमच्या क्लासच्या भिंतीवर लागत्यात. मी पाहिलेत. जी होत नाय, त्यांचे कुठं लागत्यात?"

सर गोंधळले. "म्हणजे?"

"मी सांगते. आमच्या शेळ्यांवर लागत्यात. या, दाखवते. माझ्या नातवाचं डोकं खाली अन् पाय वर, अन् खालून शेळ्या लेंड्या टाकू राहिल्यात."

मंडप एवढ्या जोरात हसला की मारुतीसमोरची घंटा हलली असेल. मला वाटलं मी जिंकले. मग माझी नजर मागच्या खांबाकडं गेली. तिथं अभय उभा होता. ड्यूटीवरून थेट आला होता, कंपनीच्या निळ्या शर्टातच. बहिणीचा सत्कार बघायला. सगळी माणसं वळून त्याच्याकडं बघून हसत होती. तो एक क्षण तसाच उभा राहिला आणि बाहेर निघून गेला.

आईनं भर मंडपात इज्जत काढली, असं अंबादासला वाटलं असणार, आणि काढलीच होती. तो तरातरा पुढं गेला आणि टीसी टेबलावर आपटली.

"घ्या सर. माझी पोरगी डॉक्टर होणार. कुणाला हसायचं ते हसा."

टीसी काळ्या पिशवीत गेली. मोनिकानं माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो माझ्यावरच होता. माझ्या एका टोमण्यापायी, जे अजून हातात होतं तेही गेलं होतं.

कार्यक्रम संपला. नारळ घेऊन माणसं बाहेर पडली. सर गाडीकडं निघाले, मागं पिशवी घेतलेला माणूस, बाजूला हात जोडून अंबादास. मी आणि मोनिका पायऱ्यांवर होतो.

गाडीच्या दाराला टेकून अभय उभा होता.

"सर, मला ओळखलं का?"

सरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाही बुवा. कुठल्या कंपनीचा तू?"

"चार वर्षं तुमच्या क्लासला होतो. दुसऱ्या बाकावर बसायचो."

"अरे, हजारो विद्यार्थी असतात. नाव काय?"

"अभय दांडगे."

"दांडगे..." सरांनी अंबादासकडं पाहिलं, मग परत अभयकडं. "अच्छा, हा तुमचा मुलगा? नंबर नाही लागला वाटतं. असं होतं कधी कधी. बेसिक कच्चं असलं की कितीही शिकवा."

अभय शांतपणे म्हणाला, "माझ्या बहिणीची टीसी द्या."

"ते पालकांनी दिलंय. पालकांनी मागावं." सर अंबादासकडं बघून हसले. "काय दांडगे साहेब?"

सगळी माणसं थांबली होती. अंबादास सरांच्या तोंडाकडं बघत होता. तो गेली सहा वर्षं बसमधल्या प्रत्येकाला सांगत आला होता, सर आम्हाला घरच्यासारखे आहेत, अभयला नावानं हाक मारायचे. मी बघितलं, त्याच्या मानेवरची शीर फुगली. मला वाटलं आता अभयच्या कानाखाली वाजवतो.

"काय म्हणलात सर? बेसिक कच्चं?"

"अहो तसं नाही..."

"दहावीला अठ्ठ्याण्णव होते त्याला गणितात. ह्याच मंडपात तुम्ही शाल घातली त्याला. ह्याच जागी. तुम्हीच म्हणलात गणित सोड. आणि आता म्हणता ओळखत नाय? बेसिक कच्चं?" त्याचा आवाज फाटला. "चार वर्षं पोरगं जाळलं माझं, आणि तुम्हाला त्याचं तोंड बी माहीत नाय?"

"दांडगे, आवाज खाली."

"टीसी काढा."

"असं मध्येच जागा सोडली तर नंतर..."

"टीसी काढा म्हणलं ना!" आणि त्यानं गाडीच्या बॉनेटवर मूठ हाणली. बस चालवणारा हात आहे तो. बॉनेटला पोचा पडला.

पिशवीवाल्यानं घाईघाईनं कागद चाळले आणि मोनिकाची टीसी, मार्कशीट काढून दिली. अंबादासनं ती अभयच्या हातात दिली. त्याच्याकडं न बघता दिली, पण त्याच्याच हातात दिली.

एक सांगते. तिथं गावातले आणखी आठ-दहा बाप उभे होते. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. त्यांच्या पोरांच्या टीसी त्याच पिशवीत होत्या. एकानंही हात पुढं केला नाही. गाडी धूळ उडवत निघून गेली, तेव्हा एक जण मला म्हणाला, "मावशी, तुमच्या अभयचं झालं नाय, म्हणून सगळ्यांचं होणार नाय असं थोडंच हाय?" मी त्याला जे बोलले ते इथं सांगत नाही.

घरी आलो. अंबादास खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला. अलकानं चहा ठेवला, कुणी घेतला नाही. अभय मागं शेळ्यांकडं गेला. मी त्याच्या मागं गेले.

तो छपराच्या दोऱ्या सोडत होता. माझ्याकडं पाठ होती.

"अभय."

"आज्जी, तू मंडपात बोललीस ते खोटं नव्हतं." त्यानं एक गाठ दातानं सोडवली. "पण ते माझं होतं. माझ्या नावानं बोलायच्या आधी मला विचारायचं होतंस."

सरांनी विचारलं नाही, बापानं विचारलं नाही, शफीनं विचारलं नाही, म्हणून मी कालपासून सगळ्यांना शिव्या देत होते.

मी जवळ जाऊन म्हटलं, "हा काढायला मी हात लावू का?"

तो वळला. तोंडावर हसू नव्हतं, पण राग थोडा उतरला होता. "आता विचारतीस व्हय?" म्हणाला. "धर तिकडचं टोक."

आम्ही जुना बोर्ड खाली ओढला. शेळ्या उन्हात आल्या आणि ओरडायला लागल्या. मोनिका धावत आली. संध्याकाळच्या आत ती आणि अभय सायकलवर फाट्यावर गेले आणि तिचा बोर्ड काढून घेऊन आले. अंबादास खाटेवरून बघत होता. बोर्ड छपरावर टाकताना अभयनं विचारलं, "मोने, कसा टाकू?"

"उलटा. पांढरी बाजू वर. माझं तोंड शेळ्यांनी बघितलं तरी चालंल, गावानं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फाट्यावर सोडायला गेले. मोनिका, कहकशा, आणि सोबत अभय. त्यानं कामावर सुट्टी टाकली होती. त्याच्या पिशवीत मोनिकाचे कागद होतेच, पण त्याची स्वतःची बारावीची मार्कशीटही मला दिसली.

"ही कशाला?"

"एकट्या गणिताची परीक्षा बाहेरून देता येती का, ते विचारून येतो." मग घाईनं म्हणाला, "नुसतं विचारतोय. लगेच बोर्ड छापू नका."

कहकशा खुदकन हसली. "दादा, अब्बूला सांगू का? एकावर एक फ्री."

"तू आधी बसमधी चढ."

बस आली, भरलेली होती, तरी घुसले तिघंही. बस जालना रोडनं शहराकडं निघून गेली.

मी परत फिरले तेव्हा माझं लक्ष वर गेलं. फाट्यावर मोनिकाच्या बोर्डाची जागा रिकामी होती, बांबूला तारेचे तुकडे लटकत होते. पण तिच्या दोन्ही बाजूंना बाकीचे बोर्ड तसेच होते. गावातल्या पोरांचे. मी तिथंच उन्हात उभी राहिले आणि एकेक वाचला. भावी डॉक्टर. भावी डॉक्टर. भावी डॉक्टर. पुढचं अक्षर लावायला मला एरवी थांबावं लागतं, त्या दिवशी थांबावं लागलं नाही.

मग फोटो बघितले. प्रत्येकाच्या अंगात तोच पांढरा कोट होता, आणि कोटाच्या खिशाला तोच निळा पेन.